रेखाताईंनी पास केलेले पुस्तक

रेखा सोनकांबळे जीवशास्त्राचे पुस्तक मागून उघडत. दुकानदाराने जाडजूड पुस्तक काउंटरवर ठेवले की त्या मुखपृष्ठ पाहत नसत, किंमत विचारत नसत, धडे कोणते हेही पाहत नसत. शेवटची सूची काढायची, एका अक्षरावर बोट ठेवायचे आणि ते सावकाश खाली सरकवायचे. बोट मध्येच थांबले की पुस्तक मिटून परत.

"ताई, अकरावी-बारावीला सगळे हेच नेतात," चिंचवडच्या दुकानातला माणूस वैतागून म्हणाला. "यात काय खराबी आहे ते तरी सांगा."

"खराबी काही नाही. आमच्या कामाचं नाही."

"पोरीचा अभ्यास आहे ना? मग परीक्षा पोरीची घ्यायची का पुस्तकाची?"

"आधी पुस्तकाची," रेखाताई म्हणाल्या आणि शेजारच्या दुकानाकडे वळल्या.

मी सोबत होतो, कारण पुस्तके इंग्रजीत होती आणि मी त्यांचा शेजारी होतो. दिघीत एकाच मजल्यावर समोरासमोर आमची दारे. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. त्या मला 'पेपरवाले भाऊ' म्हणत. सकाळी पेपर टाकणाऱ्या मुलालाही त्या हेच म्हणत, आणि आमच्या दोघांच्या कामात त्यांना फारसा फरक वाटत नसे.

सूचीत त्या जे नाव शोधत होत्या ते एका आजाराचे होते. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते मला पहिल्यांदा सांगितले तेव्हाच ते पुन्हा कुठे येऊ नये असे बजावले. आजार मेंदूचा आहे. पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास सुरू होतो. आधी हातातून वस्तू पडतात, मग हातपाय आपोआप हलू लागतात, चाल झोकांड्या खाते, जीभ जड होते, शेवटी माणूस स्वतःचा राहत नाही. औषध नाही. आई किंवा वडिलांना असला तर मुलात येण्याची शक्यता निम्मी. त्यांचे पती दिलीप याच आजाराने गेले होते. मुलगी प्रज्ञा तेव्हा दहावीच्या वयाची होती, आणि तिला यातले काहीही माहीत नव्हते.

रेखाताईंची नोकरी महाळुंग्याच्या एका कारखान्यात, बाहेरून आलेला माल तपासण्याच्या विभागात. लहान कारखान्यांतून ब्रेकचे सुटे भाग येत. खेप मोठी असते, प्रत्येक नग मोजायला वेळ नसतो. म्हणून मधूनमधून काही नग काढायचे, मापायचे. ते बरोबर निघाले की अख्खी खेप पास. पासला हिरवे लेबल, नापासला लाल, आणि शंका असेल तर पिवळे. पिवळे म्हणजे 'होल्ड'. हा शब्द त्यांनी कारखान्यातून घरी आणला होता. भाजीवाल्याने नवे वाण दाखवले, नात्यात कुणाचे लग्न ठरू लागले, मी निवडणुकीचा अंदाज सांगितला, तरी त्यांचे उत्तर एकच असे: "आधी होल्डला टाका." स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही तीन रंगांची लेबले होती. कीड लागल्याचा संशय असलेल्या तुरीच्या डब्यावर पिवळे पाहून माझी पत्नी एकदा हसली. रेखाताई हसल्या नाहीत.

"हसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "एक नग वाईट निघाला की गाडी रस्त्यावर थांबत नसती, ताई. ठोकती."

त्या मूळच्या लातूरकडच्या. दिलीप भोसरीत यंत्रावर कामाला होता. उंच, अबोल, रविवारी न चुकता विहारात जाणारा. वंदनेत तो पंचशील म्हणे, त्यातले पाचवे मद्य न घेण्याचे. आणि तो ते पाळतही असे. पुढे त्याच्या हातून नग बिघडू लागले, चालताना तो भिंतीला टेकू लागला. कंपनीने आधी समज दिली, मग घरी बसवले. इमारतीत बोलले जाऊ लागले की सोनकांबळे पितो. विहारातली माणसेही पाचवे शील आले की त्याच्याकडे पाहत.

रेखाताईंनी हे बोलणे कधीच खोडून काढले नाही. उलट कुणी विचारले तर त्या स्वतःच म्हणत, "दारूनं नसा गेल्या त्यांच्या." प्रज्ञालाही त्यांनी हेच सांगितले होते.

तेव्हा मला हे खरे वाटले होते.

प्रज्ञाची शाळा नववीत सुटली. एका दुपारी पाऊस होता म्हणून दिलीप छत्री घेऊन तिला आणायला गेला. फाटकाजवळ तो पडला, उठला, पुन्हा पडला. पहारेकऱ्याने त्याला दारूडा समजून दंडाला धरून बाहेर काढले. वरच्या वर्गातल्या कुणीतरी ते फोनवर चित्रित केले आणि संध्याकाळपर्यंत ते शाळेतल्या प्रत्येक फोनवर होते. प्रज्ञा दुसऱ्या दिवशी गेली नाही, नंतरही गेली नाही. मुख्याध्यापक समजावायला घरी आले. ती आतल्या खोलीचे दार लावून बसली. शेवटी रेखाताईंनी मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरला आणि मुलीचे शिक्षण घरीच सुरू केले.

त्यानंतर दिलीप जिवंत असेपर्यंत प्रज्ञा वडिलांशी बोलली नाही. पाणी देई, ताट ठेवी, औषध देई, बोलत नसे.

घरच्या शाळेचे वेळापत्रक कारखान्याच्या शिफ्टवर चाले. पहिली शिफ्ट असली की अभ्यास दुपारनंतर, दुसरी असली की सकाळी. रेखाताई बारावी झालेल्या, पण विज्ञान त्यांना येत नव्हते, इंग्रजीही कारखान्यापुरते. यावर त्यांनी पद्धत काढली. त्या स्वयंपाक करायच्या आणि प्रज्ञा ओट्यालगत स्टुलावर बसून धडा मोठ्याने वाचायची. एक वाक्य इंग्रजीत, लगेच तेच मराठीत. मराठी अडले की आईला कळे, इथे पोरीला समजलेले नाही.

"पुन्हा सांग."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाही कळलं म्हणजे तुलाबी कळलं नाही. पुन्हा सांग."

या पद्धतीने प्रज्ञा दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. दिलीप तो निकाल ऐकायला नव्हता.

रेखाताईंनी मला खरी गोष्ट सांगितली ती या निकालानंतर, जिन्यात. प्रज्ञाला पुढे जीवशास्त्र घ्यायचे होते. आमच्या गल्लीच्या टोकाला लष्कराच्या हद्दीची भिंत आहे. तिथल्या भटक्या कुत्र्यांना ती हळद लावी, पट्ट्या बांधी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचे होते. रेखाताईंनी अकाउंट्स सुचवले, कॉम्प्युटर सुचवला. मुलगी ऐकेना.

"जीवशास्त्र घेतलं म्हणजे तिला ते कुठंतरी सापडणारच की, भाऊ," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं मला सगळं सांगितलंय. अठरा झाल्यावर तिला वाटलं तरच तपासणी. आधी नाही. म्हणजे तोवर तरी तिला माहीत नसलेलं बरं. नाही का?"

"आणि दारूचं?"

"दारू पोरात उतरत नाही," रेखाताई म्हणाल्या. "म्हणून दारू सांगितली. ह्यांनाबी विचारलं होतं, बोलता येत होतं तेव्हा. त्यांच्या वडिलांचं असंच झालं, गावानं त्यांनाबी दारूडाच म्हटलं. हे म्हणाले, मलाबी म्हणू दे."

 

हे कळल्यावर त्यांच्या काही सवयींचा अर्थ मला लागला. त्या प्रज्ञाला सुईत दोरा ओवायला लावत. काठोकाठ भरलेला पेला माझ्याकडे घेऊन पाठवत आणि दारात उभ्या राहून पाहत. टीव्ही पाहतानाही त्यांची नजर पडद्यावर नसे, मुलीच्या मांडीवर ठेवलेल्या हातांवर असे. आजार या वयात सहसा दिसत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. त्या तरीही पाहत. एकदा मी त्यांच्याकडे बसलो असताना प्रज्ञाच्या हातून स्टीलचा पेला निसटला. पेला गडगडत माझ्या पायाशी आला. रेखाताईंच्या हातात कणकेचा गोळा होता, तो हातातच राहिला.

"आई! साबणाचे हात होते," प्रज्ञा म्हणाली. "पेलाच पडलाय ना, आकाश नाही पडलं."

"परत उचल."

"काय?"

"साबण धू. आणि परत उचल. एका हातानं."

मुलीने माझ्याकडे पाहून डोळे फिरवले, हात धुतले, पेला उचलला आणि आईच्या नाकासमोर धरला. "हं, घ्या मॅडम. पास का नापास?"

रेखाताईंनी कणकेचा गोळा पुन्हा परातीत टाकला. मग म्हणाल्या, "जा, अभ्यास कर."

मुक्त विद्यालयाच्या मंडळाकडून आलेले जीवशास्त्राचे पुस्तक त्यांनी मला वाचायला लावले होते. त्यात ते नाव नव्हते. पण प्रज्ञाला ते अपुरे वाटू लागले. प्रवेश परीक्षेसाठी मोठे पुस्तक हवे म्हणून ती मागे लागली, आणि म्हणून आम्ही चिंचवडच्या दुकानांतून हिंडत होतो. दोन पुस्तके सूचीतच गेली. तिसऱ्याच्या सूचीत ते नाव नव्हते. रेखाताईंनी ते माझ्या हातात दिले.

"आनुवंशिकतेचा धडा बघा. पूर्ण बघा. घाई नाही."

मी दुकानाच्या पायरीवर बसून तो धडा वाचला. वाटाण्याची झाडे होती, रक्तगट होते, रंगांधळेपणा होता, रक्त न गोठण्याचा आजार होता. तो नव्हता. मी तसे सांगितले. त्यांनी पुन्हा एकदा सूचीवरून बोट फिरवले, स्वतःशी मान हलवली आणि पैसे दिले. येताना बसमध्ये त्या बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी बोलल्या. कारखान्यातल्या सुपरवायझरची नक्कलही केली. दिघीला उतरल्यावर त्यांनी पर्समधून हिरवे लेबल काढून पुस्तकाच्या पाठीवर चिकटवले.

त्या एका क्षणापुरत्या त्या निर्धास्त होत्या, अशी माझी नोंद आहे. पुढे तसे मी त्यांना पाहिले नाही.

काही महिन्यांनी एका रविवारी मी त्यांच्याकडे गॅसची टाकी आल्याचे सांगायला गेलो होतो. रेखाताईंनी बसवून घेतले. त्या ज्वारीच्या भाकरी थापत होत्या, प्रज्ञा स्टुलावर बसून वाचत होती. धडा मज्जासंस्थेचा होता; आनुवंशिकतेचा नव्हे. मेंदूचे भाग झाले. मग ती म्हणाली, "इथं एक चौकट आहे. बारीक अक्षरात. परीक्षेला नसणार, पण वाचते."

"वाच," रेखाताई म्हणाल्या. पाठमोऱ्या होत्या.

प्रज्ञाने एक इंग्रजी वाक्य वाचले आणि त्याचे मराठी केले. "एका कारखान्यातला कामगार. वय अडतीस. त्याच्या हातातून वस्तू पडायला लागतात." दुसरे वाचले. "त्याचे हात आणि पाय त्याच्या मनाविरुद्ध हलतात."

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. तो थांबल्याचे मला उशिरा कळले.

"चालताना त्याचा तोल जातो. त्याचे शेजारी..." प्रज्ञा थांबली. तिने ते इंग्रजी वाक्य पुन्हा मनात वाचले असावे. "त्याच्या शेजाऱ्यांना वाटतं की तो दारू प्यायलाय."

तव्यावरची भाकरी जळत होती. तिचा धूर खोलीत आला तरी कुणी उठले नाही.

"राहू दे ते," रेखाताई म्हणाल्या. त्या अजून वळल्या नव्हत्या. "परीक्षेला नाही ना? होल्डला टाक. पुढचं पान घे."

"वाचू दे मला."

"प्रज्ञा, म्हणतीय ना मी—"

"वाचू दे!"

तिने पुढची वाक्ये इंग्रजीत वाचली नाहीत. सरळ मराठीत सांगत गेली, हळू, एकेक शब्द तपासून. आजाराचे नाव आले. ते वडिलांकडून किंवा आईकडून येते हे आले. शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचले.

"यात लिहिलंय, अशा माणसाच्या अर्ध्या मुलांना होऊ शकतो." तिने वर पाहिले. "अर्धी म्हणजे किती, आई? मी तर एकटीच आहे."

रेखाताई वळल्या. हाताला पीठ होते, ते त्यांनी पदराला पुसले. मी उठून गॅस बंद केला. त्या खोलीत मला करता येण्यासारखे तेवढेच होते.

प्रज्ञा रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. तिचा पुढचा प्रश्न स्वतःबद्दलचा नव्हता.

"पप्पा पीत नव्हते?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"आणि तू मला... मी दीड वर्ष त्यांच्याशी बोलले नाही, आई. ते हाक मारायचे, मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. तुला माहीत होतं. तू इथंच उभी असायचीस."

"तू भिऊ नये म्हणून गं."

"मी नाही, तू भितेस!" प्रज्ञा ओरडली. "तू सारखी भितेस! सुई ओव, पेला उचल! मला वाटायचं, तुला वाटतंय मीपण दारू पिते!"

हे वाक्य तिने अत्यंत गंभीरपणे उच्चारले होते. रेखाताईंच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. तो हसण्याचा होता की नाही, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. मग त्या जमिनीवर बसल्या. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतले.

नंतर त्या मला एवढेच म्हणाल्या, "सूची बघितली, धडा बघितला. जिथं सापडायचं तिथंच शोधलं, भाऊ. इतकी वर्षं हेच काम करते आणि पोरीच्या वेळेला सँपलवर सोडून दिलं." त्यांनी मला दोष दिला नाही.

दोघींचे बोलणे बरेच आठवडे बंद होते. पण स्वयंपाकघरातले वाचन बंद पडले नाही. समोरून मला प्रज्ञाचा आवाज येई: एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत. रेखाताईंचा 'पुन्हा सांग' येत नसे.

दिलीपच्या स्मृतिदिनाला विहारात वंदना झाली. पंचशील म्हणून संपल्यावर प्रज्ञा उभी राहिली. तिला बोलायला कुणी सांगितले नव्हते. "माझे वडील दारू पीत नव्हते," ती म्हणाली. "त्यांना मेंदूचा आजार होता. मी त्यांना चुकीचं समजले. तुम्हीपण." ती खाली बसली. पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "बाळ, आजार कसला?" रेखाताईंचे दोन्ही हात एकमेकांत गुंतलेले मला दिसत होते. आजाराचे नाव कळले की तो आनुवंशिक आहे हे कळणार, आणि मग मुलीकडे लोक कसे पाहतील, ही त्यांची जुनी भीती. उत्तर प्रज्ञाने द्यायच्या आधी त्यांनीच दिले. नावासकट. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

पुढे मी दिघीतून घर बदलले. भेटी कमी झाल्या. रेखाताई मला शेवटच्या दिसल्या त्या सकाळी, कंपनीच्या बसच्या थांब्यावर. निळा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. केस पांढरे झाले होते. प्रज्ञा बारावी झाली होती आणि पुढच्या प्रवेशाची वाट पाहत होती. तिची अठरा वर्षे पूर्ण झाली होती.

मी काही विचारले नाही. त्यांनीच सांगितले.

"डॉक्टरकडे दोघी जाऊन आलो. ते म्हणाले, तपासायचं का नाही, कधी तपासायचं, पोरीनं ठरवायचं. आईनं मधे बोलायचं नाही. मी नाही बोलत." त्या रस्त्याकडे पाहत होत्या. "ती म्हणाली, ठरलं की मी तुला सांगेन, मग मागं फिरायचं नाही. सकाळी मी डबा भरते, ती उठून येते. मी तिच्याकडे बघते. ती म्हणती, 'आज नाही गं.' मग मी कामाला जाते."

"रोज?"

"रोज. 'आज नाही' म्हणली की माझा दिवस निघतो, भाऊ. माल येतो, तपासते, जेवते, सगळं नीट होतं." त्या जराशा हसल्या. "आज निघाले तेव्हा झोपलेली होती. उठवलं नाही."

बस आली. थांब्यावरची माणसे चढू लागली. रेखाताईंनी मला घरी यायला सांगितले, माझ्या पत्नीची चौकशी केली आणि पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. त्यांनी तो काढून पाहिला आणि पायरीवरच थांबल्या.

"मॅडम, चला की! महाळुंग्याला हजेरीचं पंचिंग बंद होईल," ड्रायव्हर म्हणाला.

"प्रज्ञा आहे," त्या म्हणाल्या. ड्रायव्हरला की मला, ते कळले नाही.

त्या वर चढल्या. दार बंद झाले. खिडकीपाशी बसून त्यांनी फोन कानाला लावला तेव्हा बस हलली होती. त्या ऐकत होत्या. बोलत नव्हत्या. बस वळेपर्यंत मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. त्यावरून मला काहीही कळले नाही.